पालापाचोळ्यातील बिननावाचा भुंगेरा

मालवणचा किनारा सोडून आंबोली घाट चढला की सह्याद्रीचे ओले जंगल लागते. तिथला पालापाचोळा आम्ही चाळणीने चाळतो, तेव्हा आखूड पंखकवचांचे, उघड्या पोटाचे भुंगेरे पोटाचे टोक विंचवासारखे उचलून पळू लागतात. हे रोव्ह भुंगेरे. जगात यांच्या ६० हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत.

मग हाती आलेली जात नवी, हे ठरवायचे कसे? ब्रिटिश नौदलातील डॉक्टर माल्कम कॅमेरॉन यांनी १९३० ते १९३९ या काळात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत या कुळावर खंड लिहिले. आधी ते पाहायचे. नंतर नराच्या जननेंद्रियाची रचना ‘टाइप’शी, म्हणजे जातीच्या मूळ नमुन्याशी, ताडायची. कॅमेरॉन यांचा संग्रह मात्र लंडनच्या संग्रहालयात आहे!

एवढा खटाटोप कशासाठी? आंबोलीच्याच हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातील एका माशाला २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले; २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. बिननावाच्या जिवासाठी अशी मागणी कोण करणार?

म्हणून विद्यार्थ्यांना किडा दिसला की ठिकाण आणि तारीख वहीत लिहायला सांगावे. आमचेही काम तिथूनच सुरू होते.