इंटरनेट मंदावले? दोष घरात की तारेत?

इंटरनेटची गती मंदावली, की ग्राहक प्रथम कंपनीला दोष देतो. मात्र पुष्कळदा अडथळा घरातील वाय-फायमध्येच असतो. संगणक केबलने थेट राउटरला जोडून गती मोजावी. ती पुरेशी आढळल्यास राउटरची जागा बदलावी. भिंतींमुळे लहरी क्षीण होतात. फायबर मोडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागल्यास प्रकाशसंकेत मोडेमपर्यंत पोहोचत नाही, असे समजून तक्रार नोंदवावी व क्रमांक जपावा. दाद न मिळाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

भारतात ब्रॉडबँडची किमान गती २००४ मध्ये २५६ केबीपीएस ठरली. २०२३ पासून ती २ एमबीपीएस आहे. योजनांची तुलना करताना १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, हे ध्यानात ठेवावे. वापरमर्यादा संपल्यानंतरची गतीही आवर्जून विचारावी.