प्रबंध तालिकीकरण

विद्यापीठाला पदवीसाठी सादर झालेल्या प्रबंधांची ग्रंथालयात शास्त्रशुद्ध नोंद करण्याची पद्धत. छापील पुस्तकाची अर्धी ओळख प्रकाशक आणि आयएसबीएन क्रमांकच करून देतात. प्रबंधाला बहुधा दोन्ही नसतात. तो टंकलिखित, बांधणी केलेला आणि मोजक्याच प्रतींचा असतो.

म्हणून तालिकाकार पदवीची टीप लिहितो. मार्क २१ या यंत्रवाचनीय आराखड्यात त्यासाठी ५०२ क्रमांकाचे स्वतंत्र क्षेत्र आहे : पदवी, ती देणारी संस्था, वर्ष. मार्गदर्शकाच्या नावाचीही जोडनोंद करता येते. संशोधकाला विषयाइतकीच ‘कोणाच्या हाताखाली’ ही माहिती हवी असते, हे जाणत्या ग्रंथपालाला सांगावे लागत नाही.

खरी कसोटी लागते ती प्रबंध पुस्तकरूपाने निघाल्यावर. रुपयाच्या प्रश्नावरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडन विद्यापीठाच्या डी.एस्‌सी. पदवीसाठीचा प्रबंध १९२३ मध्ये पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने पुस्तक म्हणून काढला. पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशक येतो. मूळ प्रबंधाची प्रत हाती असेल, तर तिची नोंद वेगळी. दोन्ही एकाच नोंदीत कोंबणे ही चूकच.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले. अशा प्रती ठेवणारे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार डीस्पेस प्रणालीवर चालते. संकल्पित संशोधनाचे आराखडे मात्र ‘शोधगंगोत्री’त ठेवले जातात.