पोशीरची दुपार किती वाजता?

शाळेच्या घड्याळात बारा वाजतात, तेव्हा पोशीरला अजून भर दुपार झालेली नसते. नेरळजवळच्या या गावी सूर्य आपल्या सर्वांत उंच जागी पोचतो तो सरासरी १२ वाजून ३६ मिनिटांनी. घड्याळाचा दोष नाही. ते ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतं आणि पोशीर आहे ७३.४ अंशांच्या आसपास. एक अंश वळायला पृथ्वीला चार मिनिटं लागतात. उरलेला हिशेब चौथीतलं पोरही करील.

पूर्वी हा हिशेब करावाच लागत नसे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला माथेरान. दिवस डोंगराआडून वर यायचा आणि डोंगराआडच जायचा. मधली वेळ लोक उन्हावर ओळखत. दिवस कासराभर वर आला, उन्हं कलली, दिवेलागण झाली, एवढ्यावर शेतीचं भागायचं. लग्नघटकेला मात्र काटेकोरपणा हवा. त्यासाठी घटिकापात्र असे: तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं.

१८५६ मध्ये आगगाडी नेरळवरून खोपोलीपर्यंत गेली आणि गावोगावची दुपार वेगळी असणं अडचणीचं होऊ लागलं. पुढे रेल्वेनं मद्रासची वेळ धरली, मुंबई स्वतःची वेळ सोडीना. १९०६ साली प्रमाणवेळ आली. मुंबईच्या महापालिकेनं तरीही ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ पुढे अनेक वर्षं चालवली. या हट्टाला हसू येतं खरं, पण सूर्याच्या दृष्टीनं पाहिलं तर बरोबर महापालिकाच होती.

सूर्य फिरत नाही, आपण फिरतो, हे सांगणाऱ्यांचं काम याहून अवघड. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये नावेचा दाखला दिला: नाव पुढे जाते आणि आतल्याला काठावरची झाडं मागे पळताना दिसतात. ब्रह्मगुप्ताला ते पटलं नाही. मराठीत १८३६ साली सुबाजी बापूंनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ लिहून पुराणं, सिद्धान्तग्रंथ आणि कोपर्निकस यांची तुलना मांडली. शतकाच्या अखेरीस कोकणातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित ‘ज्योतिर्विलास’मधून सामान्य वाचकाला आकाश दाखवत होते. दीक्षित पेशानं शिक्षक होते, हे इथे महत्त्वाचं.

आज वर्गात पृथ्वीगोल आणि टॉर्च असतो. उजेडातली बाजू दिवस, अंधारातली रात्र. मुलं पटकन मान डोलावतात. पण त्या गोलावर पोशीर टिंबाएवढंही नसतं, आणि आपण स्वतः ताशी सुमारे १५८० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे निघालो आहोत हे कुणाला जाणवत नाही. ते जाणवायला अंगणातली काठी बरी. सकाळी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा, दर अर्ध्या तासानं आणखी एक. खडे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातात. काठीभोवती वर्तुळ आखलं आणि सावलीचं टोक सकाळी ज्या बिंदूतून आत शिरलं व दुपारनंतर ज्यातून बाहेर पडलं ते दोन बिंदू जोडले, की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. यज्ञवेदी आखणारे हीच युक्ती वापरत. त्या काठीला ते शंकू म्हणत.

भर दुपारी उभ्या काठीची सावलीच दिसत नाही, त्या शून्य सावलीच्या दिवसाचं कौतुक अलीकडे फार होतं. पोशीरला तो दिवस वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस. पहिल्याला सुट्टी, दुसऱ्याला इथला पाऊस! त्यापेक्षा २२ डिसेंबर धरावा. शाळा भरलेली असते, आभाळ बहुधा निरभ्र. त्या दिवशी १२ वाजून ३५ मिनिटांनी मीटरभर काठीची सावली सुमारे ९२ सेंटिमीटर भरते. बारा वाजताच मोजून टाकू नका. ती तेव्हा याहून लांब असते.