फेरात शिरण्याची रीत

माझे माहेर पेणचे आणि सासर रोह्याचे. लग्नानंतरच्या पहिल्या गौरींची गोष्ट. पूजनाच्या रात्री माजघरात बायकांचा फेर रंगला होता. नव्या सुनेने मागे राहू नये म्हणून मी उठले आणि दोघींच्या मधे हात घालून सरळ आत शिरले. तिसऱ्या पावलाला गाणे तुटले, फेर थांबला, सगळ्या हसल्या. भिंतीशी बसलेल्या माझ्या चुलतसासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सूनबाई, गाणं सांगणारी आणि झील धरणारी यांच्या मधून शिरू नये. ध्रुपद येऊ दे, मग दुसरीकडून ये."

त्या एका वाक्याने मला तीस वर्षे पुरेल इतके काम दिले. शिक्षणाने मी संशोधक नाही. वाचनालयात बसून आणि घरोघरच्या ओट्यांवर विचारून जे हाती आले तेवढेच माझे भांडवल.

आधी पुस्तके पाहिली. आमचा जिल्हा तेव्हाचा कुलाबा; रायगड हे नाव 1981 चे. कुलाबा-जंजिऱ्याचे इंग्रजी गॅझेटियर 1883 साली निघाले. त्यात जातवार रीतीभाती आहेत, पण पाऊल कोणत्या क्षणी टाकावे हे अशा ग्रंथाला विचारून चालत नाही. पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या खंडांतून बायकांची गाणी जमवली, आणि त्यामुळे पुष्कळ शब्द वाचले. पावले मात्र कागदावर उतरत नाहीत. ती नाचणाऱ्यांकडूनच घ्यावी लागतात.

आमच्याकडच्या फेराची रीत मला उमगली ती अशी. कडवे चालू असताना शिरायचे नाही, ध्रुपद परत येईपर्यंत बाहेर थांबायचे. तेही नुसते उभे राहून नाही. फेराच्या बाहेरून, त्याच दिशेने, त्याच ठेक्यात चार पावले चालायची. मागून येणारीच्या नजरेला आपण पडलो की तीच पुढचा हात सोडते. हात आपण ओढायचा नाही. मधून आडवे जायचे नाही, कारण तिथे दिवा असतो. आणि बाहेर पडताना आपल्या डाव्या-उजव्या बाजूंचे हात एकमेकींच्या हातात देऊन मगच निघायचे. शिरताना चूक झाली तर हसू होते. हात न जोडता निघून गेलेलीला मात्र बोलणी बसतात.

यामागे हिशेबही आहे. एका बाईला अडीच फूट जागा धरली, तर वीस जणींच्या फेराचा घेर पन्नास फूट होतो आणि व्यास सोळा फूट. एकवीसावी आली की घेर अडीच फुटांनी वाढतो, म्हणजे प्रत्येकीला जवळजवळ पाच इंच मागे सरकावे लागते. बारा फुटांच्या माजघरात पंधराव्या बाईनंतर पाठी भिंतीला टेकतात. नवी बाई शिरते ती दोघींच्या मधे, पण जागा सगळ्याच देतात. म्हणून ध्रुपदाची वाट पाहायची: त्या ओळी सगळ्यांना पाठ असतात, सरकायला सवड मिळते.

कोकणातल्या बाल्या नाचात ही सोय नाही. कानातल्या बालीवरून बाल्या म्हणतात. जाखडी हे त्याचे दुसरे नाव जखडण्याशी जोडले जाते. गाणारे-वाजवणारे मधे बसतात, नाचणारे पायात चाळ बांधून भोवती फिरतात. तो फेर तालमीत बसवलेला असतो, वाटेवरच्याने मधेच शिरायचा नव्हे. उत्तरेकडे वारल्यांच्या तारपा नाचात नियम वेगळा: तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही. तो वळेल तशी साखळी वळते.

सगळ्यात जवळचे साम्य मला सापडले ते फार दूर, ब्वेनोस आयरेसच्या टँगोत. 2009 साली युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या या नाचाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तिथे जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, आणि दोन संचांमध्ये थोडे वेगळे संगीत वाजते, तेवढ्यात जमीन मोकळी होते. नाचायला येतेस का, हे तोंडाने विचारत नाहीत. लांबून नजर भेटते, मान हलते. नको असेल तर नजर वळवायची; चारचौघांत कोणाचा अपमान होत नाही. गर्दीत शिरतानाही जोडीतला पुढाकार घेणारा कडेला थांबतो, मागून येणाऱ्याची नजर मिळवतो, आणि त्याने पाऊल आखडले की मगच आत उतरतो. समुद्रापलीकडचा हा नियम वाचला तेव्हा मला आमचे माजघर दिसले. जागा शिरणाऱ्याची नसते. मागून येणारा ती देतो.

इथपर्यंत लेख मी पूर्वीच लिहिला होता. छापायला दिला नाही, कारण एक गोष्ट त्यात बसत नव्हती.

मला ही रीत शिकवणाऱ्या चुलतसासूबाई स्वतः कधीच फेरात नसत. त्यांना तरुणपणीच वैधव्य आले होते. प्रत्येक गाणे त्यांना येई, कोणी ओळ विसरले तर त्या भिंतीशी बसून पुरवत. आमच्या घरात विधवेने नाचू नये असे कोणी बोलल्याचे मी ऐकले नाही. बोलायची गरजच नव्हती. एकदा मी विचारले, "काकू, तुम्ही का येत नाही?" त्या म्हणाल्या, "गाणं चुकलं तर सांगायला कोणीतरी बाहेर हवं ना गं." मला ते पटले. पटणे सोयीचे होते.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. बातमी वाचली तेव्हा काकूंना जाऊन काही वर्षे झाली होती. ठराव मोलाचाच आहे. पण फेरात जागा करायची तर कोणा दोघींना हात सोडावे लागतात, आणि बाकीच्यांना पाच-पाच इंच मागे सरकावे लागते.

मागून येणारीने जागा द्यायची, हा नियम मी काकूंकडून शिकले. कितीतरी गौरींना मी त्यांच्या समोरून फेर धरून गेले. माझी नजर त्यांच्याकडे जायची ती विसरलेल्या ओळीसाठी. हात मात्र मी एकदाही सोडला नाही.