कौटिल्याच्या शुल्कप्रकरणांतील ‘रथ’

गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त सहकुटुंब परदेशीं जावयास निघाला. निरोप घ्यावयास आला असतां त्यानें सहज विचारलें कीं, घरची मोटार बरोबर नेली तर नाक्यावर तिला सामान म्हणतात कीं माल? आपल्याकडील इ. स. १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमांत प्रवाशाच्या सामानाची जी व्याख्या आहे तींत मागाहून येणारें सामान धरलें असून मोटार मात्र स्पष्ट शब्दांनीं वगळली आहे, एवढें मीं त्यास सांगितलें. तो गेल्यावर माझें मन त्याच्या प्रश्नाच्या जुन्या रूपाकडे वळलें. रथांत किंवा गाडींत बसून कोणी राज्याची सीमा ओलांडूं लागला, तर आपले प्राचीन शास्त्रकार त्या वाहनाची गणना कशांत करीत?

ह्या बाबतींत मुख्य आधार कौटिलीय अर्थशास्त्राचा. त्याची पोथी इ. स. १९०५ मध्यें म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं आली, १९०९ मध्यें तिचें मुद्रण झालें, आणि मुंबई विद्यापीठानें प्रसिद्ध केलेली कंगले यांची चिकित्सक आवृत्ति १९६० मध्यें निघाली. दुसऱ्या अधिकरणाच्या एकविसाव्या अध्यायांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला व तिचा ध्वज. तेथें चार-पांच कारकून येणाऱ्या सार्थांतील व्यापाऱ्यांचीं नांवें, ते कोठले, माल किती, मुद्रा कोठें झाली, हें सर्व लिहून घेत. मुद्रा नसल्यास देय शुल्काच्या दुप्पट, ती खोटी असल्यास आठपट दंड. जकातीच्या नाक्यांवरील दस्तकें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस हें चित्र अपरिचित वाटणार नाहीं.

ह्याच प्रकरणांत माफीची यादी येते. विवाहासाठीं नेलेली वस्तु, वधूबरोबर जाणारें साहित्य, भेट, यज्ञ, प्रसूति, चौल, उपनयन इत्यादि कार्यांचें भांड हें शुल्कावांचून जावें. खोटें सांगणाऱ्यास चोराचा दंड. कायमचें घर बदलून जाणारी व्यक्ति त्या काळीं प्रामुख्यानें वधूच, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या माफीचें महत्त्व कळतें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील सूर्यासूक्तांत (८५) तिच्या रथाचें लाकूडसुद्धां सांगितलें आहे, किंशुक आणि शाल्मली. व वाटेंत त्या दांपत्यास वाटमारे भेटूं नयेत अशी प्रार्थनाहि आहे.

परंतु माफीच्या यादीनंतर पुढें एक सूत्र आहे, आणि तेंच प्रस्तुत विषयाचें मर्म होय. शस्त्र, वर्म, कवच, लोह, रथ, रत्न, धान्य व पशु यांपैकीं जें बाहेर नेण्यास मनाई आहे तें नेणाऱ्यास जाहीर केल्याप्रमाणें दंड व्हावा आणि त्याचें पण्य जप्त व्हावें. उलट ह्याच वस्तु कोणी आंत आणील तर द्वाराबाहेरच शुल्कावांचून त्यांची विक्री व्हावी! आज बाहेरचें वाहन आंत येतांना राज्य कर बसवितें. कौटिल्य त्यास मोकळीक देतो आणि अडवितो तें बाहेर जाणारें.

येथें ‘रथ’ म्हणजे केवळ युद्धरथ असें म्हणून सुटतां येईल काय? शस्त्र व कवच शेजारीं असल्यामुळें तसा मोह होतो. मला तो मान्य नाहीं. रथाध्यक्षाच्या प्रकरणांत (२.३३) कौटिल्य स्वतः देवरथ, पुष्यरथ, सांग्रामिक, पारियाणिक, परपुराभियानिक व वैनयिक असे सहा रथ सांगतो, आणि त्यांतील पारियाणिक हा प्रवासाचाच रथ आहे. तेव्हां शब्दाच्या बळावर प्रवासी सुटत नाहीं. तो सुटतो तो दुसऱ्या शब्दानें. सूत्रांत जप्ति सांगितली आहे ती ‘पण्या’ची, म्हणजे विकण्याच्या मालाची. शिवाय सूत्राचा अर्थ सर्वव्यापी केला तर वाटसरूस शिदोरीचें धान्यहि नेतां येणार नाहीं आणि गाडीचे बैल सीमेवर सोडावे लागतील. असा अर्थ कोणीहि शहाणा शास्त्रकार करणार नाहीं. म्हणून ज्या रथांत कुटुंब बसलें आहे तो ह्या मनाईच्या बाहेर, असा माझा निर्णय आहे.

सीमेवरील अंतपालाच्या वर्तनीनेंहि ह्यास पुष्टि मिळते. पण्य वाहणाऱ्या वाहनास सव्वा पण, एक खुराच्या जनावरास एक पण, इतर पशूस अर्धा, क्षुद्र पशूस पाव, खांद्यावरील ओझ्यास एक माषक. पण्य नसलेल्या वाहनाचें कलमच नाहीं. घोड्याचें द्यावें लागे, रथाचें नव्हे, असें मला वाटतें. ह्या वर्तनीच्या मोबदल्यांत वाटेंत हरवलें किंवा चोरीस गेलें तें अंतपालानें भरून द्यावें, असाहि नियम आहे.

नदीच्या उतारावर मात्र वाहन स्वतःच्या नांवानें मोजलें जाई. नावाध्यक्षाच्या प्रकरणांत (२.२८) लघुयानास ५ माषक, गोलिंगास ६, शकटास ७, महानदीवर दुप्पट. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत (४०४–४०५) नुसत्या यानास एक पण, आणि भांडांनीं भरलेल्या यानास आंतील मालाच्या मोलाप्रमाणें. नावेवर प्रश्न वजनाचा व जागेचा असतो. तेथें गाडीचा मालक वाणी आहे कीं प्रवासी, हें पाहण्याचें कारण नाहीं. मालाचें मोल तेवढें मनु वेगळें काढतो.

न्यूयॉर्क येथें ४ जून १९५४ रोजीं झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें खासगी मोटारीस तात्पुरती करमाफी मिळाली ती परत नेण्याच्या अटीवर, आणि त्यासाठीं येतां-जातां शिक्के मारण्याचें कार्ने नांवाचें पुस्तक आलें. मुद्राध्यक्ष (२.३४) एक माषक घेऊन जी मुद्रा देई तिच्याच जातीचें हें, मात्र कौटिल्याची मुद्रा माणसाची होती, वाहनाची नव्हे.

मधल्या शतकांचा पुरावा मराठी दप्तरांत शोधला पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं जकातमाफीचीं दस्तकें आहेत त्यांनीं त्यांत पालखी, मेणा, घोडा, गाडी यांची नोंद ‘सामान’ म्हणून आहे, कीं माणसांबरोबर केली आहे, कीं वेगळी, हें पाहून मूळ शब्दांसह नक्कल मंडळाकडे पाठवावी. बिदागीचें कागद असल्यास तेहि उपयोगी पडतील.