रेसकोर्सचं तिकीट नेमकं कशाचं असतं?

"रेसला जाणं पैसे वसूल असतं का गं?" माझा विषय सांगितला की हा प्रश्न हमखास येतो. मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं आणि आता पीएचडीसाठी तिकीट लावून होणाऱ्या करमणुकीचा इतिहास आकड्यांतून वाचते आहे. त्यामुळे लोकांना वाटतं, मला कोणता घोडा लावायचा ते तरी माहीत असेल, नाहीतर रेस वाईट असं तरी मी सांगेन. दोन्ही नाही. मला त्या तिकिटात रस आहे. सिनेमाचं तिकीट सिनेमा बघण्याचं असतं. रेसकोर्सचं तिकीट कशाचं असतं?

घोडे बघण्याचं, हे उत्तर पटत नाही. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. आणि हिशोब करून बघा: १२०० मीटरची शर्यत साधारण सव्वा मिनिटात संपते, २४०० मीटरची डर्बी अडीच मिनिटांच्या आसपास. दुपारभरात सात शर्यती धरल्या तरी घोडे प्रत्यक्ष धावतात दहा-बारा मिनिटं. बाकीचे तीन-चार तास माणसं काय करतात? रेसचं पुस्तक चाळतात, पॅडॉकपाशी उभं राहून घोड्यांची चाल बघतात, भाव बघतात, चहा पितात, रांगेत उभी राहतात.

आता थोडं मागे जाऊ. बॉम्बे टर्फ क्लब १८०२ चा. तेव्हा शर्यती भायखळ्याला व्हायच्या. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या. जागा खुसरो वाडियांकडून मिळाली आणि ट्रॅकचा नमुना मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सचा घेतला. पुण्याचं रेसकोर्स त्याहून जुनं, १८३० चं, लष्कराच्या जमिनीवरचं. पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर पुण्याला मुक्कामाला असायचा, त्याच दिवसांत पुण्याचा रेसचा हंगाम. आजही मुंबईत हिवाळा आणि पुण्यात पावसाळा अशीच वाटणी आहे. आपल्या सोलापुरात रेसकोर्स नाही, त्यामुळे इथल्या शौकिनाला पुणंच जवळ.

तिथे पोचणाऱ्यांमध्येही प्रतवारी होती. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. सुरुवातीला ती आठवड्याच्या शेवटीच धावायची आणि तिच्यात रेसला निघालेल्या मुंबईकरांचा भरणा असायचा. त्या गाडीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग जोडला गेला तो थेट १९५५ मध्ये! म्हणजे गिरणीतला माणूस पहिली पंचवीस वर्षं त्या गाडीत बसूच शकत नव्हता. मैदानातही तेच. मेंबरांचं एन्क्लोजर वेगळं, फर्स्ट वेगळं, सेकंड वेगळं. घोडे तेच, शर्यत तीच, पण तुम्ही कुठून बघता यावर दर ठरणार. नाट्यगृहासारखंच म्हणा.

पण नाट्यगृहापेक्षा इथलं कुंपण वेगळं आहे, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या कुंपणात आहे. मुंबई इलाख्यात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आणि रेसकोर्सना परवाने देणारा कायदा १९१२ चा. दोन्ही एकत्र वाचले की चित्र दिसतं. घोड्यांच्या शर्यतीवरचा डाव जुगाराच्या व्याख्येतून वगळलाय, पण अटी घालून: शर्यतीच्या दिवशीच, परवानाधारकाने राखलेल्या एन्क्लोजरमध्येच, आणि टोटवर किंवा परवाना असलेल्या बुकीकडेच. (सरकारने मान्य केलेल्या इतर जागांचीही त्यात सोय आहे.) म्हणजे तोच घोडा, तीच दहाची नोट. कुंपणाच्या आत डाव, बाहेरच्या फुटपाथवर गुन्हा. तिकीट विकत देत होतं ते दृश्य नव्हे. ते कुंपणाच्या आत असण्याचा हक्क विकत देत होतं.

एकदा हे लक्षात आलं की पुढचं सोपं आहे. फाटकावरचं तिकीट ही खरी किंमत नाहीच. खरी किंमत आत गेल्यावर, टोटच्या खिडकीवर मोजली जाते.

टोट म्हणजे टोटलायझेटर. कल्पना पॅरिसच्या जोसेफ ओलेची, १८६० च्या दशकातली: सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात टाका, चालवणाऱ्याचा वाटा कापा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटून द्या. हे यंत्राने करून दाखवलं जॉर्ज ज्युलियसने, १९१३ मध्ये, ऑकलंडच्या एलर्सली मैदानावर. गंमत म्हणजे त्याने ते यंत्र मुळात मतमोजणीसाठी आखलं होतं! ते निवडणुकीसाठी घेतलं गेलं नाही, तेव्हा त्याने ते घोड्यांकडे वळवलं.

या पद्धतीत टोट कधी हरत नाही, कारण तो डाव लावतच नाही. तुम्ही खेळता ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी. समजा गल्ल्यातून १० टक्के कापले जातात (हा आकडा मी समजण्यासाठी घेतलाय, प्रत्यक्षात तो डावाच्या प्रकारानुसार बदलतो). तुम्ही शंभर रुपये घेऊन गेलात आणि जे परत येईल ते दर शर्यतीत पुन्हा लावत राहिलात, तर सात शर्यतींनंतर सरासरी हातात उरतात ४८ रुपये. कापणी २० टक्के असेल तर २१ रुपये. कुणी जिंकून घरी जातो, कुणी रिकाम्या खिशाने. सरासरी मात्र हलत नाही.

इथे लोक म्हणतात, "अगं, पण रेस कसबाचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय." बरोबर, १९९६ च्या के. आर. लक्ष्मणन खटल्यात तसा निकाल आहे आणि मला तो पटतोही. घोड्याची चाल, वजन, जॉकी, मैदानाचा ओलावा यांचा अभ्यास करणारा माणूस नवख्यापेक्षा चांगला खेळतो. पण गल्ला तेवढाच असतो. अभ्यासू माणसाला जे जास्त मिळतं ते नवख्याच्या खिशातून येतं. म्हणजे तुम्ही पहिल्यांदाच जात असाल तर वरचे ४८ रुपयेही जरा आशावादीच धरा.

आणि मग कर. सरकारला या गल्ल्याचा वास फार आधीच लागला होता. मुंबईचा बेटिंग टॅक्स कायदा १९२५ चा आहे. जीएसटी आल्यावर २०१८ च्या नियमाने कर कापणीवर न लावता डावाच्या पूर्ण रकमेवर लावला, २८ टक्के. त्यावर कोर्टकज्जे झाले. सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. आता शंभराचा डाव लावायला १४० मोजायचे आणि गल्ल्यातून १० टक्के कापल्यावर सरासरी परत यायचे ९०. हेच चक्र सात वेळा फिरवा. सुरुवातीच्या शंभरातले साडेचार रुपये उरतात. २८ टक्क्यांच्या काळात साडेआठ उरायचे. कसब कितीही असो, ही चढण चढणं कठीण आहे. रेसवाले ही तक्रार करतात तेव्हा ते रडगाणं नसतं, गणितच तसं आहे. आणि बेकायदा बुकी हा कर घेत नाही, त्यामुळे कुंपणाबाहेरचा फुटपाथ पुन्हा स्वस्त होत जातो. १९१२ मध्ये बांधलेलं कुंपण २०२५ च्या दराने सरकारच पोखरतंय, असं माझं मत.

मग पैसे वसूल कुणाचे? जो डाव लावत नाही त्याचे. बक्षिसं, हिरवळ, स्टँड यांच्या खर्चातला मोठा वाटा डाव लावणाऱ्यांच्या पैशातून निघत आलाय. नुसतं तिकीट काढून पॅडॉकपाशी उभं राहणारा माणूस त्यांच्या जिवावर दुपार मजेत घालवतो. माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते: पावसाळ्यात सकाळच्या हुतात्माने पुण्याला जा, घोडे जवळून बघा, आणि टोटच्या खिडकीकडे पाठ करून चहा प्या.

खरं तर घोडा धावताना बघायला सोलापूरकराला पुण्याला जायचीही गरज नाही. आषाढीच्या वारीत अकलूजला, पुरंदवडेला, बाजीराव विहिरीजवळ रिंगण होतं ते आपल्याच जिल्ह्यात. तिकीट नाही, एन्क्लोजर नाही, भाव नाही. माणसांचं कडं हेच कुंपण. अश्व धावून गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. पहिला कोण आला, हे तिथे कुणी विचारत नाही. रेसच्या कागदपत्रांत तिकिटाचे वर्ग वाचताना मला हे रिंगण वारंवार आठवतं, कारण दोन्हीकडे लोक काही सेकंदांच्या धावेसाठी तासन् तास उभे असतात.

महालक्ष्मीचं कुंपणही आता सरकतंय. क्लबचा भाडेपट्टा २०१३ मध्येच संपला होता. २०२४ च्या करारानुसार २११ एकरांपैकी १२० एकर मुंबई महापालिकेकडे, सार्वजनिक उद्यानासाठी गेले आणि ९१ एकर क्लबकडे राहिले, २०५३ पर्यंत. सकाळ-संध्याकाळ फुकट फिरायला येणारी मंडळी तिथे पूर्वीपासून आहेतच. आता निम्म्याहून जास्त जमिनीवर ती पाहुणी नसतील.