दिवाळीचा किल्ला : दगडी वाट व फरसबंदी

दिवाळीत अंगणात, ओट्यावर किंवा सोसायटीच्या आवारात उभारल्या जाणाऱ्या मातीच्या किल्ल्यावर पायऱ्या, घाटवाट, दरवाज्यापुढची फरसबंदी आणि तटाची चिरेबंदी लहान प्रमाणात हुबेहूब उतरवण्याचे काम. सहामाही परीक्षा संपली की महाराष्ट्रभर मुले किल्ल्याच्या मातीत हात घालतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या मुलांची सोय अशी की नमुना डोळ्यांसमोर असतो. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन आणि नाणेघाट हे सारे जुन्नर तालुक्यात आहेत, शेजारच्या आंबेगावातूनही एका दिवसात पाहून येण्याजोगे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत शिवनेरी आहे.

या भागातला दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसॉल्ट. त्याच्या वाटा तीन तऱ्हांच्या दिसतात. पहिली, अखंड कातळात खोदलेली. हडसरचा जिना आणि दरवाजे असे कोरलेले आहेत. इथे दोन दगडांमधला सांधा नसतोच, दिसतात ते छिन्नीचे घाव आणि पावलांनी मध्यभागी झिजलेली पायरी. दुसरी, घाटवाटेवर बसवलेल्या ओबडधोबड दगडांची. कोकणातून जुन्नरकडे चढणारा सातवाहनकालीन नाणेघाट हे तिचे उत्तम उदाहरण. दगड लहानमोठे, वेड्यावाकड्या आकाराचे, पण सपाट बाजू वर ठेवलेली. तिसरी तऱ्हा घडीव चिऱ्यांची. ती शिवनेरीच्या सात दरवाज्यांच्या वाटेवर, दरवाज्यांच्या आणि तटाच्या बांधकामात पाहावी. युरोपातल्या जुन्या शहरांत दिसणारी, गोलसर गोट्यांच्या एकसारख्या रांगांची फरसबंदी यांत कुठेच बसत नाही. तरीही परदेशी चित्रफिती पाहून केलेल्या किल्ल्यांवर तीच हटकून दिसते, आणि मग महादरवाज्यापुढे एखाद्या युरोपीय गावाचा चौक अवतरतो.

प्रमाण हा या कामाचा पाया. कुंभाराकडचा मातीचा मावळा सुमारे ८ सेंटीमीटर उंच धरला तर प्रमाण साधारण १:२० पडते. म्हणजे ४५ सेंटीमीटरची फरशी सव्वादोन सेंटीमीटरची आणि ३० सेंटीमीटर उंचीची गडाची पायरी दीड सेंटीमीटरची करावी लागते. अंगठ्याएवढ्या गोट्यांची वाट केली की मावळा शिळांवरून उड्या मारत चालल्यासारखा दिसतो. सिंहासनावरची महाराजांची मूर्ती बहुधा मावळ्यांच्या दुपटीने मोठी असते. तिच्याकडे बघून माप घेऊ नये, ती भक्तीच्या मापाने घडवलेली असते.

मातीकामात काळी माती टाळतात. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि मनाला येईल तिथे तडकते. तांबडी माती चाळून तिच्यात बारीक वाळू मिसळली तर तडे कमी जातात. हा थर बोटभर जाडीचा लावून अर्धवट सुकू द्यायचा. बोट टेकवल्यावर पुसट ठसा उमटतो, पण माती चिकटत नाही, ही नेमकी वेळ. आधी रेघ ओढली तर ती मिटते, उशीर केला तर कडा ढासळतात. खराट्याच्या काडीने सांधे कोरायचे. उभे सांधे एका ओळीत येऊ द्यायचे नाहीत, आणि शेवटी ओल्या कुंचल्याने दगडांच्या धारा मारायच्या.

घाटवाटेसाठी कोरण्यापेक्षा खरा दगड बरा. कुकडी किंवा मीना नदीच्या पात्रातले गोटे गुळगुळीत असल्याने कामाचे नाहीत. पाथरवटाच्या जागेवर पडलेल्या कपच्या घ्याव्यात. मोठ्या कपच्या आधी अंतर राखून मातीत रुतवायच्या, मधल्या फटींत लहान भरायच्या आणि वरून फळी दाबून पृष्ठभाग साधारण एका पातळीत आणायचा. अगदी सपाट झाला तर तो बिघडला असे समजावे. चढावर दर चार-सहा ओळींनंतर एक लांबट दगड आडवा घातला की वाट पायऱ्यापायऱ्यांची दिसते. चावंड आणि जीवधन करणाऱ्याला एक जास्तीचे काम असते. तिथल्या पायऱ्या १८१८ मध्ये इंग्रजांनी उद्ध्वस्त केल्या, त्यामुळे वाटेचा एक टप्पा तुटका दाखवावा लागतो. तो आधी नीट बांधून मग खिळ्याने फोडला तरच खरा वाटतो.

सूक्ष्म सैनिकांचे युद्धखेळ खेळणाऱ्यांनी हेच काम वेगळ्या साहित्यात पुढे नेले आहे. या छंदाला एच. जी. वेल्सच्या १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने चालना दिली. तिथला आजचा प्रचलित शिपाई २८ मिलिमीटरचा, प्रमाण सुमारे १:५६, म्हणजे आपली फरशी ८ मिलिमीटरची. इतक्या बारीक कामाला माती पुरत नाही. त्यासाठी घट्ट, बारीक छिद्रांचा एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन फोम वापरतात. त्यावर बॉलपेनने सांधे दाबून काढतात आणि चुरगाळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा फिरवून खडबडीतपणा आणतात. खोक्यांतला पांढरा थर्माकोल दाणेदार असल्याने रेघ ओढताना फाटतो. दोन्हींवर स्प्रेचा रंग थेट मारू नये, त्यातल्या द्रावकाने ते विरघळतात. आधी पाणरंगाचा किंवा फेव्हिकॉलचा हात द्यावा.

रंगात बहुतेक किल्ले फसतात, कारण काळा दगड म्हणून सरळ काळा रंग फासला जातो. उन्हातला बेसॉल्ट करडा, किंचित तपकिरी असतो. आधी गडद करडा रंग द्यावा, काही दगड एक छटा उजळ ठेवावेत. मग खूप पातळ काळपट रंग सोडावा, तो सांध्यांत उतरून बसतो. वाळल्यावर कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट करडा रंग फक्त उंचवट्यांवरून फिरवावा. येण्याजाण्याचा मधला पट्टा उजळ, कडा गडद. सांध्यांत गेरूचे पाणी सोडले की लाल मातीचा भास होतो. दिवाळी पावसाळ्याच्या पाठोपाठ येत असल्याने कुंपणाच्या भिंतीवर वाळत आलेले शेवाळ आयते मिळते, त्याचे कण सावलीकडच्या कडेला लावावेत. मसाल्याच्या डब्यातले दगडफूलही चुरून चालते. ते मुळात दगडाझाडांवर वाढणारे शैवाकच आहे.

हिरवळीसाठी पेरलेले हळीव आणि ही दगडी कामे यांचे जमत नाही. हळिवाला रोज पाणी शिंपडावे लागते आणि त्याने कोरलेले सांधे विरघळतात. म्हणून वाट वेगळ्या फळीवर करून, वाळवून, हळीव उगवल्यानंतर जागेवर बसवतात. वाटेलगत वीतभर पट्टा मोकळाही सोडतात, कारण १:२० च्या मावळ्याशेजारी चार बोटे वाढलेले हळीव त्याच्या डोक्याच्या जवळपास पोचते.